चिंतेसाठी थेरपी: पहिल्या फोनपासून शेवटच्या सेशनपर्यंत

छातीत धडधडतं, हातापायांना मुंग्या येतात, पोटात गोळा येतो. रात्री तीनला जाग येते आणि मुलांच्या परीक्षेपासून ते गॅसचा कॉक बंद केला की नाही इथपर्यंत सगळं एकामागून एक डोक्यात यायला लागतं. डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल आहेत. घरचे म्हणतात, फार विचार करतेस. हे महिनोन्महिने चाललं असेल आणि थेरपी, म्हणजे बोलण्यातून आणि सरावातून होणारे मनाचे उपचार, घ्यावी का, हा विचार मनात येऊन गेला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

चिंतेचे विकार बायकांमध्ये पुरुषांच्या जवळपास दुप्पट आढळतात. तरी कितीतरी बायका उपचारांपर्यंत उशिरा पोचतात, आणि याचं एक कारण मला फार टोचतं: चिंतेने पोखरलेली बाई घराला सोयीची असते. सगळ्यांची औषधं, डबे, फीच्या तारखा ती लक्षात ठेवते, चार-चार वेळा तपासून बघते आणि तिचं कौतुक होतं. ती एकटी बाहेर पडेनाशी झाली, तर "तिला घरातच बरं वाटतं" म्हणून विषय संपतो. घरातल्या पुरुषाने भीतीपोटी कामावर जाणं सोडलं, तर आठ दिवसांत सगळं घर हलतं. बाईने बँकेत जाणं, एसटीचा प्रवास, लग्नकार्यं असं एकेक करून सोडलं, तर वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून पहिला फोन तुम्हालाच करावा लागेल.

मी नाशिकची. घाटात गाडी थांबली की आता श्वास बंद पडणार असं वाटायचं, आणि हळूहळू मी प्रवासच बंद केला होता. थेरपीने तो मला परत मिळाला. त्या वाटेवर जी माहिती तुकड्यातुकड्यांनी हाती आली, ती इथे क्रमाने देते.

त्याआधी एक महत्त्वाचं. जीव नकोसा वाटत असेल, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटत असेल, तर पुढच्या पायऱ्या वाचत बसू नका. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक फिरवा. मानसिक त्रासासाठीची ही केंद्र सरकारची फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. धोका अगदी समोर असेल तर ११२ हा आणीबाणीचा क्रमांक, किंवा कुणाला तरी सोबत घेऊन थेट जवळच्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी गाठा.

१. आधी शरीर तपासून घ्या

धडधड, थरथर, घाम, थकवा, झोप उडणं ही सगळी लक्षणं चिंतेची आहेत, तशीच थायरॉइडची आणि रक्त कमी असल्याचीही आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये ॲनिमिया आढळला. म्हणजे तुमचं हिमोग्लोबिन कमी असण्याची शक्यता अजिबात दुर्मिळ नाही. नेहमीच्या डॉक्टरांना सांगून सीबीसी (हिमोग्लोबिन यातच कळतं), टीएसएच (थायरॉइडसाठी), बी-१२ आणि साखर एवढ्या रक्ताच्या तपासण्या करून घ्या. धडधड होत असेल तर एक ईसीजी काढा. छातीत दुखणं पहिल्यांदाच झालं असेल, जबड्याकडे किंवा हाताकडे कळ जात असेल, दम लागत असेल, तर "टेन्शनमुळे असेल" असं घरात बसून ठरवू नका. बायकांचा हृदयविकार याच वाक्याखाली दडून जातो.

पाळी, बाळंतपण आणि पाळी जाण्याचा काळ यांचाही चिंतेशी संबंध असतो. बाळंतपणानंतर बाळाला काहीतरी होईल म्हणून रात्रभर डोळ्याला डोळा न लागणं, त्याचा श्वास पुन्हा पुन्हा बघणं, यावर नीट उपचार आहेत. "पहिलटकरणीला असं होतंच" म्हणून ते सोडून देऊ नका.

२. दोन आठवडे वही ठेवा

साधी वही पुरते. रोज रात्री चार ओळी: आज त्रास कधी झाला, तेव्हा मी कुठे होते, मनात काय आलं, मग मी काय केलं. शेजारी पाळीची तारीख, झोप, किती कप चहा झाला आणि उपवास होता का, एवढंही लिहा. उपवासाचं मुद्दाम सांगते. दिवसभर नुसता चहा आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, या क्रमाने हात थरथरतात, डोकं हलकं होतं, आणि चिंता असलेल्या बाईला ती घबराटीच्या झटक्याची सुरुवात वाटते. नवरात्रात त्रास वाढतो असं वहीत दिसलं, तर थेरपिस्टला नेमका धागा मिळतो.

वहीत आणखी एक यादी करा: गेल्या वर्षभरात भीतीमुळे मी काय काय करणं सोडलं. लिफ्ट, गर्दीचा बाजार, भिशी, फोनवर बोलणं, मुलाच्या शाळेतली सभा, जे असेल ते. पहिल्या भेटीत तुमच्या लक्षणांपेक्षाही ही यादी जास्त उपयोगी पडेल.

जीएडी-७ नावाची चिंता मोजणारी सात प्रश्नांची एक चाचणी इंटरनेटवर मिळते. गेल्या दोन आठवड्यांतला त्रास विचारतात आणि ० ते २१ गुण येतात. १० किंवा त्याहून जास्त आले तर तज्ज्ञाला दाखवावं, असा साधारण संकेत आहे. गुण म्हणजे निदान नव्हे. पण "माझं उगाच आहे का" या शंकेतून बाहेर यायला तो आकडा मदत करतो.

३. कुणाकडे जायचं ते समजून घ्या

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण पाटीवर सगळेच "मनाचे डॉक्टर" असतात.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट. एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम झालेले. औषधं हेच देतात. काही जण थेरपीही करतात, पण गर्दीच्या ओपीडीत त्यांना तेवढा वेळ नसतो.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. हे औषधं देत नाहीत, निदान आणि थेरपी करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आरसीआयकडे असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारला तर चांगल्या माणसाला राग येत नाही, आणि तो परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

समुपदेशक म्हणजे काउन्सेलर. यांच्यात मानसशास्त्रात एमए करून, वर्षानुवर्षं अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम केलेले उत्तम लोक आहेत. आणि शनिवार-रविवारचा कोर्स करून पाटी लावलेलेही आहेत. त्यांना प्रत्यक्षात कुणी अडवत नाही. म्हणून पदवी, प्रशिक्षण आणि सध्याची देखरेख या तिन्हींची चौकशी करा. केवळ डॉक्टरकीची पदवी नाही म्हणून चांगल्या समुपदेशकाला नाकारू नका. गोव्यात संगाथ संस्थेने स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून नेमलं होतं. नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांवरचा तो अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि सरकारी केंद्रांत येणाऱ्या रुग्णांना त्याचा फायदा झाल्याचं दिसलं. महत्त्व शिकवणीला आणि देखरेखीला आहे.

"लाइफ कोच", "हीलर", "सबकॉन्शस माइंड ट्रेनर" यांच्याकडे चिंतेच्या विकारासाठी जाऊ नका. तीन सेशनमध्ये कायमचं बरं करतो म्हणणाऱ्याकडे तर नाहीच. अंगारा, उतारा, बाहेरची बाधा यांत महिने जातात आणि पैसाही जातो. देवाला जायचं तर जरूर जा, मीही जाते. उपचार मात्र उपचाराच्या ठिकाणी घ्या.

त्रास इतका आहे की जेवण-झोप-काम कोलमडलंय, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. दिवस रेटता येतोय पण आयुष्य आक्रसत चाललंय, तर थेट थेरपिस्ट, म्हणजे थेरपी करणारे मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक, चालेल. गरज वाटली तर ते पुढे डॉक्टरांकडे पाठवतात.

४. कुठे, आणि किती पैशांत

शहरांत खासगी सेशनचे साधारण आठशे ते अडीच हजार रुपये पडतात. आठवड्याला एक धरलं तर महिन्याचा खर्च मोठा होतो. तेव्हा आधी फुकट आणि स्वस्त पर्याय बघा.

जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मानसोपचार विभाग असतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार विनामूल्य झाले आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं या निर्णयात येत नाहीत, पण तिथेही खर्च खासगीच्या मानाने नाममात्र असतो. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे आणि पुण्यात ससून इथे मानसोपचाराची ओपीडी आहे. केसपेपरच्या खिडकीवर नुसतं "मानसोपचार ओपीडी" म्हणा. कारण सांगत बसावं लागत नाही. रांग असते, सकाळी लवकर जा. तिथे थेरपी मिळते का, आठवड्यातून कोणत्या दिवशी, हे ओपीडीतल्या सिस्टरना किंवा समाजसेवकांना विचारा. डॉक्टर घाईत असतात.

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. "येरवड्याला पाठवतील" ही भीती कितीतरी बायकांच्या मनात बसलेली असते. चिंतेच्या उपचारासाठी भरती व्हावं लागत नाही. त्या रुग्णालयांतही ओपीडी असते, दाखवून घरी यायचं असतं. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे, तिथेही तसंच.

स्वयंसेवी संस्थांपैकी ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) १९९० पासून मराठीत हे काम करते. तुमच्या गावात काही नसेल तर ऑनलाइन सेशनचा पर्याय आहे, आणि टेलिमानसवरूनही जवळच्या सरकारी केंद्राची माहिती मिळते.

नवऱ्याच्या किंवा तुमच्या कंपनीत कर्मचारी साहाय्य योजना आहे का बघा. बऱ्याच मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्याच्या जोडीदारालाही काही सेशन फुकट देतात आणि कंपनीला नावं कळवली जात नाहीत. विम्याचं म्हणाल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विमा देणं बंधनकारक केलं आहे. पण साधी पॉलिसी रुग्णालयात भरती झाल्यावरचा खर्च देते. थेरपीचे पैसे हवे असतील तर पॉलिसीत ओपीडीचा भाग आहे का, ते आधी वाचा.

परदेशात असाल तर तिथली व्यवस्था पहिल्यांदा शोधा. इंग्लंडमध्ये एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या टॉकिंग थेरपीजसाठी जीपीची, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरची, चिठ्ठी लागत नाही, स्वतःच नाव नोंदवता येतं, आणि दुभाष्या मागता येतो. लग्न करून नव्याने गेलेल्या मुलींना हे कुणी सांगत नाही.

५. पहिल्या फोनवर काय विचारायचं

बोलायला सुचत नाही म्हणून फोन राहून जातो. हे असंच्या असं वाचून दाखवा: "नमस्कार, मला चिंतेचा त्रास आहे, थेरपी सुरू करायची आहे. तुम्ही चिंतेच्या रुग्णांबरोबर कोणत्या पद्धतीने काम करता? मराठीत सेशन होईल का? फी किती, किती मिनिटांचं सेशन, आणि वेळ बदलावी लागली तर किती आधी कळवायचं?"

स्त्री थेरपिस्ट हवी असेल तर स्पष्ट मागा. फी परवडत नसेल तर "कमी फीचे काही स्लॉट असतात का" असं विचारा. बरेच थेरपिस्ट ते ठेवतात, पण कुठे लिहीत नाहीत. फोन अवघड वाटत असेल तर हाच मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवा.

६. घरी किती सांगायचं

या पायरीवर सगळ्यात जास्त बायका अडतात, म्हणून इथे थोडं थांबते.

कायद्याने काय आहे ते आधी. सज्ञान बाईला थेरपीसाठी नवऱ्याची, सासरची किंवा वडिलांची सही लागत नाही. २०१७ च्या कायद्यातल्या कलम २३ नुसार तुमच्या आजाराची आणि उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. अपवाद असतात, मुख्यतः तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेव्हाचे. ते पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

दुसरी भीती कुजबुजत सांगितली जाते: उद्या कोर्टकचेरी झाली तर "ही वेडी आहे" म्हणून हेच कागद पुढे करतील का? मुलं काढून घेतील का? त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये म्हटलं आहे की, एखाद्याला मानसिक आजार आहे असं ठरलं, एवढ्यावरून ती व्यक्ती विकल मनाची ठरत नाही. तसं सक्षम न्यायालयाने घोषित करावं लागतं. घटस्फोटासाठीही हिंदू विवाह कायद्यात नुसतं आजाराचं नाव पुरत नाही. सोबत राहणं अशक्य व्हावं इतकं त्याचं स्वरूप गंभीर असल्याचं सिद्ध करावं लागतं. चिंतेसाठी थेरपी घेणं त्याच्या जवळपासही येत नाही. घरात वाद कोर्टापर्यंत गेलेला असेल तर मात्र वकिलाला हे आधी सांगून ठेवा.

आता प्रत्यक्ष बोलणं. माझं ठाम मत आहे, "जाऊ का?" असं विचारू नका. विचारलं की चर्चा सुरू होते, आणि चर्चेत "आमच्या वेळी नव्हतं असलं काही" जिंकतं. वेळ कळवा आणि मदत मागा. नवऱ्याला: "मला दोन महिने नीट झोप नाही, धडधड होते. तपासण्या झाल्या, आता थेरपी घ्यायची आहे. शनिवारी अकरा ते बारा मी नसेन, तेवढं मुलीला क्लासला सोडशील." सासूबाईंना: "आई, धडधडीवर उपचार सुरू केलेत. दर गुरुवारी जावं लागेल, काही महिने." यात खोटं काही नाही. सगळंच उलगडून सांगायची सक्तीही नाही.

पहिल्या वेळी सोबत कुणी आलं तर चालेल, पण त्यांनी बाहेर बसावं. सोबतचा माणूस तुमच्या वतीने उत्तरं द्यायला लागला तर "मला एकटीला बोलायचं आहे" एवढं म्हणा, पुढचं थेरपिस्ट सांभाळतात.

ऑनलाइन सेशन असेल तर जागेचा प्रश्न येतो. दोन खोल्यांच्या घरात दार लावून बाई तासभर बोलत बसली की चार वेळा दार वाजतं. मुलं शाळेत असतानाची वेळ घ्या. इअरफोन लावा, दाराबाहेर टीव्ही चालू ठेवा. गच्ची, सोसायटीत लावलेली गाडी, मैत्रिणीचं घर, सगळं चालतं. अगदीच जमत नसेल तर थेरपिस्टला सांगा की कुणी आत आलं तर मी पाककृतीचं बोलायला लागेन. त्यांना अशा खुणा ठरवायची सवय असते. फोन घरात सगळे हाताळत असतील तर सेशनची आठवण साध्या शब्दांत पाठवायला सांगा, आणि पैसे सामाईक खात्यातून जाणार असतील तर पावती कोणत्या नावाने येते ते बघा.

आणि घरात मारहाण, धमक्या, कोंडून ठेवणं असं चालू असेल, तर तुमची भीती खऱ्या धोक्याची आहे. तिच्यावर नुसते श्वासाचे व्यायाम देणारी थेरपी अपुरी आहे. १८१ ही महिला हेल्पलाइन, जिल्ह्यातलं सखी वन स्टॉप सेंटर, पोलिसांचा भरोसा सेल, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी यांची मदत घ्या. हिंसा असताना नवरा-बायकोचं एकत्र समुपदेशन कुणी सुचवलं तर नकार द्या. तिथे बोललेल्याची किंमत घरी आल्यावर मोजावी लागते.

७. पहिल्या भेटीला काय न्यायचं

- दोन आठवड्यांची वही आणि "काय सोडलं" ही यादी
- अलीकडचे रिपोर्ट, ईसीजी
- सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं, आयुर्वेदिक आणि गर्भनिरोधक धरून. पाकिटाचा फोटो पुरेल
- आधीच्या मानसोपचाराची जुनी चिठ्ठी असेल तर
- सरकारी रुग्णालयात आधार कार्ड आणि जुना केसपेपर
- घरच्यांपैकी कुणाला असा त्रास होता का, ही माहिती

पाण्याची बाटली आणि रुमालही ठेवा. पहिल्या भेटीत रडू येतं, त्याचं काही वाटून घेऊ नका. भेट पन्नास मिनिटं ते तासभर चालते आणि बराच वेळ प्रश्न विचारण्यातच जातो. हलकं वाटेलच असं नाही. काहींना त्या रात्री उलट जास्त थकवा येतो.

८. सेशनमध्ये नेमकं काय होतं

मन मोकळं करायला जागा मिळते हे खरं, पण चिंतेवर फरक पडतो तो दोन सेशनच्या मधल्या आठवड्यात केलेल्या सरावाने. सर्वाधिक अभ्यासलेली पद्धत म्हणजे सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी): विचार आणि वागणं या दोन्हींवर काम करणारी. साधारण बारा ते वीस सेशन लागतात. महाराष्ट्रात आरईबीटी (रॅशनल इमोटिव्ह बिहेवियर थेरपी) ही तिच्याच जवळची पद्धत शिकलेले थेरपिस्टही बरेच भेटतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी ती १९५५ च्या सुमारास मांडली, आणि "केलंच पाहिजे, झालंच पाहिजे" या हट्टी आग्रहांवर तिचा रोख असतो. ज्या बाईला पाहुण्यांसमोर भाजी जराशी खारट झाली तरी रात्रभर झोप लागत नाही, तिच्यासाठी ही पद्धत फार कामाची आहे.

सराव कसा असतो त्याचं एक उदाहरण. शाळेची व्हॅन पंधरा मिनिटं उशिरा. मनात आलं, अपघात झाला. हात गार, धडधड. मग व्हॅनवाल्या काकांना चार फोन, नवऱ्याला एक. थेरपिस्ट हे चार रकान्यांत लिहून घेते: घटना, विचार, शरीर, कृती. मग विचारते, याआधी व्हॅनला उशीर झाला तेव्हा काय कारण निघालं होतं? आणि फोन केल्यावर काय वाटलं? सुटल्यासारखं. इथेच मेख आहे. फोनने लगेच सुटका होते, म्हणून मेंदू शिकतो की फोन केला म्हणून संकट टळलं. पुढच्या वेळी फोन आणखी लवकर करावासा वाटतो. त्यामुळे अभ्यास असा मिळतो: पुढच्या वेळी पहिला फोन करण्याआधी दहा मिनिटं थांबायचं. मग वीस. ती दहा मिनिटं फार जड जातात. पण व्हॅन येते, तुमच्या फोनशिवाय येते, आणि हे मेंदूला दिसावं लागतं.

टाळलेल्या गोष्टींसाठी शिडी करतात. माझी शिडी प्रवासाची होती. सगळ्यात खाली ठक्कर बाजार स्टँडवर जाऊन नुसतं बाकड्यावर बसणं. मग सिटी बसने पंचवटीपर्यंत, आधी बहिणीबरोबर, नंतर एकटीने. मग सिन्नर, मग इगतपुरी. सगळ्यात वर कसारा घाट, तोही खिडकीजवळची जागा न मागता. प्रत्येक पायरीवर भीतीला शून्य ते दहा गुण द्यायचे, आणि भीती आपणहून उतरेपर्यंत तिथेच थांबायचं. मोबाइलमध्ये डोकं घालायचं नाही, जप करून वेळ ढकलायचा नाही, उतरून जायचं नाही. घबराटीचा झटका साधारण दहा मिनिटांत कळसाला पोचतो आणि मग ओसरतो. हे वाचून कळतं; पटतं मात्र सिन्नरच्या गाडीत बसल्यावरच. तळहाताला घाम, समोरच्या सीटवरच्या मावशी शेंगा सोलतायत, आणि मोहदरीचा घाट येईपर्यंत आठवरची भीती चारवर आलेली असते.

शिडी स्वतःच्या मनाने करू नका, आणि एकदम वरच्या पायरीवरही जाऊ नका. "एकदा जाऊन ये म्हणजे भीती मोडेल" म्हणून घरच्यांनी ढकलून दिलेल्या बाया अर्ध्यातून परत येतात आणि भीती आणखी घट्ट बसते.

श्वासाचा व्यायाम बहुतेक सगळीकडे शिकवतात: आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ. चांगला आहे. मात्र झटका आल्यावरच आठवण करायची असं ठेवलं तर जमत नाही, रोज शांत असताना पाच मिनिटं करा.

सुरुवातीचे काही आठवडे त्रास किंचित वाढल्यासारखा वाटतो, कारण टाळलेल्या गोष्टींना हात लागतो. याच टप्प्यावर बायका थेरपी सोडतात. सोडण्याआधी एकदा थेरपिस्टला तसं बोलून दाखवा.

९. औषधांबद्दल

सगळ्यांना लागत नाहीत. लागली तर त्यात कमीपणा नाही. चिंतेसाठी सहसा एसएसआरआय या नैराश्यावरही वापरल्या जाणाऱ्या गटातली औषधं देतात. त्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या काही दिवसांत मळमळ किंवा अस्वस्थता होऊ शकते. "चार दिवस घेतली, काही फरक नाही" म्हणून बंद करू नका. बरं वाटलं म्हणूनही एकदम बंद करू नका. डोस हळूहळू उतरवावा लागतो.

खरा सापळा झोपेच्या गोळीचा आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गटातल्या गोळ्यांनी अर्ध्या तासात शांत वाटतं, पण त्यांची सवय लागते. त्या थोड्या दिवसांसाठी असतात. एका जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं अर्धी-अर्धी गोळी घेणाऱ्या कितीतरी बायका आहेत. तुमचं तसं चालू असेल तर आज लाज वाटून अचानक थांबवू नका, ते धोक्याचं असतं. मानसोपचारतज्ज्ञाला जसं आहे तसं सांगा आणि उतरवायचं वेळापत्रक घ्या. शेजारणीची गोळी घेऊन बघू नका. गरोदर असाल, अंगावर पाजत असाल किंवा मूल होऊ द्यायचा विचार असेल, तर गोळी सुरू करण्याआधी आणि थांबवण्याआधीही डॉक्टरांना सांगा.

१०. थेरपिस्ट बदलायची वेळ कधी

तीन-चार भेटींनंतरही तुमच्या बोलण्यापेक्षा त्यांचंच बोलणं जास्त होत असेल. "बाईने थोडं सहन करावं", "मूल झालं की सगळं ठीक होईल", "नोकरी सोडून बघा" असे सल्ले मिळत असतील. तुम्हाला न विचारता तुमची गोष्ट नवऱ्याला सांगितली गेली असेल. प्रत्येक भेटीत पूजा, रत्न, सप्लिमेंट विकलं जात असेल. अंगाला नको असलेला स्पर्श झाला असेल. शेवटच्या दोन बाबतींत परत जाऊच नका, आणि स्पर्शाची तक्रार करा.

बाकी नुसतं सूर जुळत नाहीत एवढंच असेल, तर तसं म्हणून बदला. "मॅडम, मला वाटतं मला दुसऱ्या पद्धतीची मदत लागेल, कुणाचं नाव सुचवाल का?" एवढं वाक्य पुरतं. व्यवसायात मुरलेली व्यक्ती वाईट वाटून घेत नाही.

११. थांबवताना

थेरपी अचानक बंद करू नका. आठवड्याचं सेशन आधी पंधरवड्याने, मग महिन्याने असं लांबवत नेतात. शेवटच्या भेटीत थेरपिस्टबरोबर एक पानभर लिहून घ्या: त्रास परत येतोय हे मला कोणत्या खुणांवरून कळेल, तेव्हा पहिल्या आठवड्यात मी काय करेन, आणि कुणाला फोन करेन. माझ्या पानावर पहिली खूण "निमंत्रणांना नाही म्हणायला लागणं" अशी आहे.

घरात लग्न, मुलाची दहावी-बारावी, आजारपण किंवा बदली असेल त्या काळात थेरपी आणि औषधं दोन्ही एकदम संपवायचं ठरवू नका. ते पार पडल्यावर दोनेक महिन्यांनी ठरवा, आणि औषधांची तारीख डॉक्टरांना ठरवू द्या. नंतर कधी त्रास डोकावला तर एक-दोन उजळणी सेशन घेता येतात. त्यासाठी थेरपिस्टचा क्रमांक आणि तुमची जुनी वही, दोन्ही सांभाळून ठेवा.